आजीची फणेरपेटी पुन्हा उघडताना

- प्रतिनिधी, कोल्हापूर

दिवाळीच्या पहाटेचे उटणे, न्हाणीघरात दरवळणारा शिकेकाईचा वास, शाळेत जाताना रिबिनीने करकचून बांधलेल्या दोन वेण्या आणि आधी मेणाचे बोट टेकवून त्यावर रेखलेले आजीचे वाटोळे कुंकू. ज्यांचे बालपण १९८० ते २००० या काळात गेले, त्यांच्या आठवणीत हा शृंगार पक्का बसलेला आहे. ती पिढी आता स्वतः आईबापांच्या वयाची झाली आहे आणि आपल्या लहानपणीच्या या गोष्टी नव्याने करून पाहू लागली आहे. लग्नसराईत गुजरीतील दुकानांत ठुशी, बुगडी विचारली जाते, बारशाला खणाचे परकर-पोलके शिवून घेतले जाते आणि पाटा-वरवंटा माळ्यावर गेलेल्या घरांतही पाल्याची मेंदी वाटण्याचा घाट घातला जातो.

या हौसेत गैर काहीच नाही. मात्र, आठवणीतील सारीच चित्रे सारखी गोड असली, तरी त्यांतील वस्तू सारख्या नसतात. शिकेकाई आणि सुरमा या दोन्ही गोष्टी जुन्या आहेत. त्यांपैकी एक झाडाची शेंग आहे, तर दुसऱ्यात शिसे असू शकते. ‘जुने ते निर्धोक’ हा समज म्हणूनच खरा नाही आणि ‘जुने ते टाकाऊ’ हाही नाही. प्रत्येक वस्तूत काय आहे, ती कशी तयार होते आणि कोणाच्या अंगावर वापरली जाणार आहे, हे पाहूनच ती पुन्हा जवळ करावी, हे उत्तम. ही हौस मुलांच्या अंगावर पुरवली जाते, तेव्हा तर हा विचार अधिकच आवश्यक ठरतो.

वासातून जागे होणारे बालपण

गतकाळाची ओढ दर्शविणारा ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकीच्या स्विस विद्यार्थ्याने घडविला. घरापासून दूर असणाऱ्यांना जडणारा आजार, अशा अर्थाने त्याने तो वापरला होता. पुढे ही कल्पना मागे पडली. आज मानसशास्त्रज्ञ या ओढीकडे आजार म्हणून पाहत नाहीत. एकटेपणाच्या किंवा बदलाच्या काळात माणसाला आधार देणारी ती एक स्वाभाविक भावना आहे, असे मानले जाते.

शृंगाराच्या वस्तूंमध्ये ही ओढ अधिक तीव्र असण्यामागे एक शारीरिक कारणही आहे. गंधाची संवेदना मेंदूतील भावना आणि स्मृती यांच्याशी संबंधित भागांपर्यंत इतर संवेदनांपेक्षा अधिक थेट पोहोचते. त्यामुळे वाळा, नागरमोथा किंवा चंदनी साबणाचा वास आला, की एखादी पहाटच्या पहाट डोळ्यांसमोर उभी राहते. महाराष्ट्रातील असंख्य घरांत ‘मोती’ साबण आणि दिवाळी यांची जी सांगड बसली आहे, ती याच वाटेने. वस्तू तीच असली, तरी तिच्याबरोबर आजी, चूल आणि पहाटेचा गारवा हेही परत येतात. नव्या बाटलीवर ‘पारंपरिक’ असे छापून विक्री करणाऱ्यांनाही हे पक्के ठाऊक असते.

शिकेकाई : फेस कमी, काम चोख

लहानपणीच्या गोष्टी करून पाहण्याची सुरुवात बहुधा केसांपासून होते. शिकेकाईच्या शेंगांत आणि रिठ्याच्या सालीत ‘सॅपोनिन’ नावाची द्रव्ये असतात. पाण्याचा पृष्ठताण कमी करून तेल आणि मळ सुटा करणे, हे त्यांचे काम. साबण आणि शाम्पूही तेच करतात. फरक आहे तो तीव्रतेचा. शिकेकाईचा फेस अगदीच थोडा येतो आणि सवय नसलेल्याला केस निघालेच नाहीत, असे वाटू लागते. खरे तर फेसाचा आणि स्वच्छतेचा थेट संबंध नाही.

ज्यांच्याकडे बोअरचे जड पाणी येते, त्यांना शिकेकाईचा आणखी एक फायदा जाणवतो. जड पाण्यात साबणाची साय धरते आणि केस चिकट होतात. शिकेकाईने तसे होत नाही. मात्र, डोक्यावर तेलाचा मोठा थर असेल किंवा केसांवर चमक आणणारी आधुनिक द्रावणे लावलेली असतील, तर ती एका धुण्यात निघत नाहीत. शेंगा रात्री भिजत घालून सकाळी उकळाव्यात आणि काढा फडक्यातून नीट गाळून घ्यावा, ही जुनी रीतच उत्तम. नुसती पूड डोक्यावर थापली, तर तिचे कण केसांत अडकून बसतात. डोळ्यांत गेलेली शिकेकाई किती झोंबते, हे तर कोणाला वेगळे सांगायला नकोच. रिठा अधिक फेस देतो, पण केस कोरडेही करतो. त्यामुळे तो बेतानेच घालावा.

‘शाम्पू’ हा शब्दही मूळचा आपल्याकडचाच. ‘चंपी’शी नाते सांगणारा हा शब्द मूळचे बिहारचे असलेले शेख दीन मुहंमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील ब्रायटन येथील स्नानगृहांत रूढ केला. तेव्हा त्याचा अर्थ मालिश असा होता. पुढे तोच शब्द बाटलीत बसून आणि १९८० च्या दशकात छोट्या पुडीत शिरून खेडोपाडीच्या दुकानांत पोहोचला. शिकेकाई मागे पडली, ती पुष्कळशी या पुडीमुळे.

उटण्याचे गणितही असेच सोपे आहे. नागरमोथा, वाळा, गव्हला-कचोरा, आंबेहळद, चंदन, संत्र्याची वाळलेली साल यांसारख्या घटकांची ही भरड अंगावरचे जादा तेल टिपते आणि मृत त्वचेचा पापुद्रा सोडवते. आधी तेल आणि मग उटणे, हा अभ्यंगाचा क्रम त्यासाठीच आहे. कोरड्या अंगावर उटणे घासले, तर त्वचा सोलवटते. चेहऱ्यावर मुरुमे असतील, तर घासणे टाळावे. लहान मुलांच्या अंगावर ते हलक्या हातानेच फिरवावे.

कुंकू, शेंदूर आणि टिकली

हळदीचा डाग साबणाने धुतला, की तो क्षणभर लाल होतो, हे प्रत्येकाने पाहिलेले असते. हळदीतील कर्क्युमिन हे रंगद्रव्य क्षाराच्या संपर्कात आले, की लाल होते. हळदीपासून कुंकू तयार करण्याच्या जुन्या पद्धतीचे मूळ हेच आहे. सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर आणि केम ही गावे कुंकवासाठी ओळखली जातात. परंतु आज बाजारात मिळणारे प्रत्येक लाल चूर्ण हळदीचेच असेल, याची खात्री देता येत नाही. त्यात कृत्रिम रंगही असू शकतात.

शेंदूर ही तर निराळीच वस्तू. मारुतीच्या मूर्तीला फासला जाणारा पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचे तांबडे ऑक्साइड. आपल्याकडे तो देवाला वाहतात, कपाळाला कुंकू लावतात. हा भेद जुन्या पिढीने सांभाळला होता. उत्तर भारतीय पद्धतीने भांगात सिंदूर भरण्याची रीत चित्रपट आणि मालिकांतून आपल्याकडेही आली आणि हा भेद पुसट झाला. अमेरिकेतील संशोधकांनी न्यू जर्सी आणि भारत येथून गोळा केलेल्या शंभराहून अधिक सिंदूर नमुन्यांची तपासणी केली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार, तीन-चतुर्थांशांहून अधिक नमुन्यांत शिसे आढळले आणि मोजक्या नमुन्यांत तर त्याचे प्रमाण अतिशय मोठे होते. लहान मुलांच्या बाबतीत शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानता येत नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. आईच्या कपाळावरचे चूर्ण मुलाच्या हाताला आणि हातावरून तोंडात जाते, हे लक्षात घेतले म्हणजे धोका कोठे आहे ते उमगते.

मेण आणि कुंकू यांची जागा पुढे टिकलीने घेतली. १९९० च्या दशकात नागमोडी, खड्यांची, रोज साडीच्या रंगाची टिकली लावणे ही फॅशन होती. तीही आता परतते आहे. येथे काळजी घ्यावयाची ती टिकलीच्या मागच्या गोंदाची. काही गोंदांत ‘पॅरा-टर्शरी ब्यूटिल फिनॉल’ हे रसायन असते. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना ते मारक ठरते. वर्षानुवर्षे एकाच जागी टिकली लावणाऱ्या काही स्त्रियांच्या कपाळावर नेमका टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग पडतो, तो त्यामुळे. त्वचारोगतज्ज्ञांना हा प्रकार चांगलाच परिचित आहे. टिकलीच्या जागी खाज सुटू लागली, लाली आली किंवा रंग फिकट दिसू लागला, तर टिकली तत्काळ बंद करावी आणि डॉक्टरांना दाखवावे. वेळीच थांबले, तर अनेकदा रंग परत येतो. रात्री झोपताना टिकली काढून ठेवणे आणि तीच टिकली आरशाला चिकटवून दुसऱ्या दिवशी पुन्हा न वापरणे, या साध्या सवयीही उपयोगी पडतात.

काजळ घरचे, काजळ दारचे

तुपाचा किंवा एरंडेलाचा दिवा लावायचा, त्यावर तांब्याचे भांडे उपडे धरायचे आणि जमलेली काजळी तुपात खलायची, ही घरच्या काजळाची कृती. हे काजळ म्हणजे मुख्यतः कार्बन. सुरमा मात्र पूर्वापार शिशाच्या खनिजापासून तयार होत आला आहे. दोन्ही काळे आणि दोन्ही डोळ्यांत घालायचे, त्यामुळे लोक त्यांत फरक करीत नाहीत. सुट्या पुडीतला किंवा प्रवासात कोणी आणून दिलेला सुरमा मुलांच्या डोळ्यांत घालणे म्हणजे शिसे त्यांच्या शरीरात धाडणे होय. शिशाचा परिणाम मुलांच्या मेंदूच्या वाढीवर होतो आणि झालेले नुकसान भरून येत नाही.

मग घरचे काजळ बाळाला चालेल का? बालरोगतज्ज्ञांचे उत्तर ‘नको’ असेच आहे. त्यात शिसे नसले, तरी घालणाऱ्याचे बोट आणि डबी निर्जंतुक नसते. त्यातून डोळ्यांना संसर्ग होऊ शकतो. काजळ घातल्याने डोळे मोठे होतात, या समजाला वैद्यकीय आधार नाही. आजीच्या समाधानासाठी दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायचीच असेल, तर ती तळपायाला लावावी, डोळ्यांपासून आणि बाळाच्या हातांपासून दूर. मोठ्यांनी स्वतःसाठी काजळ घेताना वेष्टनावर उत्पादकाचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि वापराची मुदत छापलेली आहे की नाही, ते पाहावे. सौंदर्यप्रसाधनांना रंग देण्यासाठी शिसे किंवा आर्सेनिकची संयुगे वापरण्यास आपल्या देशात कायद्याने बंदी आहे. मात्र, ती पाळली गेली की नाही हे बिननावाच्या डबीवरून कळत नाही.

पाल्याची मेंदी

आषाढ लागला, की कुंपणाची मेंदी ओरबाडून पाट्यावर वाटायची आणि रात्री हातांवर थापून फडके गुंडाळून झोपायचे, ही कोल्हापूर परिसरातील असंख्य मुलींची आठवण. नक्षी नसे. तळहातावर मोठा ठिपका, भोवती छोटे ठिपके आणि बोटांना टोप्या. ही मेंदी करून पाहण्यासारखी आहे. तिच्या पानांतील ‘लॉसोन’ हे रंगद्रव्य त्वचेतील केराटिनशी जोडले जाते. सकाळी मेंदी काढल्यावर रंग नारिंगी दिसतो आणि पुढच्या एक-दोन दिवसांत तो गडद होतो. लगेच गडद व्हावा, ही अपेक्षाच चुकीची आहे.

ही घाई भागवण्यासाठी बाजारात ‘काळी मेंदी’ आली. मेंदीच्या पानाचा रंग कधीच काळा नसतो. काळेपणासाठी तीत अनेकदा केसांच्या कलपातील ‘पीपीडी’ हे रसायन मिसळलेले असते. त्याने हातावर फोड येऊ शकतात आणि एकदा का शरीराने त्याची धास्ती घेतली, की पुढे आयुष्यभर कलप लावतानाही त्रास होऊ शकतो. वाटलेला पाला रात्रभर ठेवण्याची जुनी रीत वेळखाऊ खरी, पण निर्धोक आहे. एक अपवाद मात्र आहे. ‘जी-सिक्स-पीडी’ या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बालकांमध्ये मेंदीमुळेही रक्तपेशी फुटल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. म्हणून तान्ह्या बाळाच्या हातापायांना मेंदी लावू नये.

पावडर, स्नो आणि गोरेपणाचा हव्यास

शाळेच्या गॅदरिंगच्या छायाचित्रांत सर्वांचे चेहरे पांढरे दिसतात, ते टाल्कम पावडरीमुळे. टाल्क हे खनिज आहे आणि काही खाणींत त्याच्या जोडीला ॲस्बेस्टॉसही आढळते. कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने जुलै २०२४ मध्ये टाल्कचा समावेश ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या गटात केला. टाल्कयुक्त बेबी पावडरची जगभरातील विक्री २०२३ पासून थांबवत असल्याचे एका बड्या कंपनीने त्याआधीच, २०२२ मध्ये जाहीर केले होते. शिवाय पावडरीचा ढग उडवून बाळाच्या तोंडावर भुकटी थापली, की ती श्वासावाटे छातीत जाते. हा प्रकार आठवणीतच राहिलेला बरा.

चेहऱ्याला लावायच्या ‘स्नो’चा जमानाही असाच गेला. पाटणवाला यांच्या मुंबईच्या कारखान्यातील ‘अफगाण स्नो’ची डबी कित्येक घरांच्या आरशापुढे असे. १९५२ मध्ये टाटा समूहातून ‘लॅक्मे’ आली आणि देशी सौंदर्यप्रसाधनांचे नवे पर्व सुरू झाले. १९७५ पासून ‘फेअर अँड लव्हली’ने गोरेपणाचे आश्वासन घराघरांत नेले. विवाहविषयक जाहिरातींत ‘गोरी’, ‘निमगोरी’ या शब्दांनी मुलींची प्रतवारी होत होती, तो हा काळ. सावळ्या मुलीला हळद-साय लावताना घरातल्यांच्या बोलण्यातून जे ऐकावे लागे, तेही त्या बालपणाचाच भाग होते. टीकेनंतर या क्रीमच्या नावातील ‘फेअर’ हा शब्द २०२० मध्ये काढण्यात आला.

शब्द गेला, पण हव्यास पूर्णपणे गेलेला नाही. रंग झटपट उजळवणाऱ्या काही बिननावाच्या किंवा चोरट्या मार्गाने आलेल्या क्रीममध्ये पारा असतो. पाऱ्यामुळे त्वचेतील रंगद्रव्य तयार होण्याची क्रिया दबते आणि चेहरा उजळ दिसतो. मात्र, पारा त्वचेतून रक्तात आणि तेथून मूत्रपिंडात जातो. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात अशी क्रीम वापरणाऱ्या रुग्णांमध्ये मूत्रपिंडाचा एक विशिष्ट विकार आढळल्याचे तेथील डॉक्टरांनी २०२३ मध्ये निदर्शनास आणले. लहानपणीच्या गोष्टी परत आणताना जी अजिबात आणू नये अशी एक गोष्ट निवडायची झाली, तर ती गोरेपणाची ही अट होय.

रिबिनी आणि ‘लव्ह इन टोकियो’

दोन मण्यांचे रबर म्हणजे ‘लव्ह इन टोकियो’. आशा पारेख यांच्या १९६६ च्या चित्रपटावरून त्याला हे नाव पडले आणि चित्रपट न पाहिलेल्या मुलींनीही ते तीन दशके वापरले. ‘लव्ह इन सिमला’ (१९६०) मध्ये साधना यांचे रुंद कपाळ झाकण्यासाठी ऑड्री हेपबर्न यांच्या धर्तीवर कापलेल्या बटा ‘साधना कट’ झाल्या. केशरचनांची ही नावे आजही केशकर्तनालयांत ऐकू येतात.

घट्ट वेण्यांबाबत मात्र सावध राहावे. रोज एकाच दिशेने ताणून बांधलेल्या केसांच्या मुळांवर ओढ पडते आणि कपाळाच्या तसेच कानशिलांच्या बाजूचे केस विरळ होतात. वेळीच ढील दिली, तर केस परत येतात. वर्षानुवर्षे ताण राहिला, तर ते कायमचे जातात. वेणी घातल्यावर मुलीचे डोके ठणकत असेल, तर ती वेणी घट्ट झाली, असे समजावे. अबोली, बकुळ किंवा शेवंतीचा गजरा सैल वेणीवरही तितकाच शोभतो.

साज, ठुशी आणि बुगडी

कोल्हापूरची ओळख असलेल्या साजाकडे आता थोडे तपशिलाने पाहू. परंपरेने साजात २१ पाने मानली जातात. त्यांपैकी दहा विष्णूच्या दशावतारांची, आठ अष्टमंगलाची, दोन माणिक व पाचूची आणि एक डोरले, अशी त्यांची मांडणी सांगितली जाते. चंद्र, कमळ, मासा, कासव, भुंगा, बेलपान असे आकार त्यांत दिसतात आणि दोन पानांच्या मध्ये जवाच्या दाण्यासारखे जवमणी ओवलेले असतात. सोन्याचा पातळ पत्रा ठशावर ठोकून आकार घ्यायचा आणि पोकळीत लाख भरायची, ही त्याची घडण. त्यामुळे दागिना भरीव दिसतो, पण सोने त्या मानाने कमी लागते. सामान्य घरालाही अंगभर दागिना घेता यावा, यासाठी कारागिरांनी काढलेली ही युक्ती.

आजीचा साज वापरायला काढताना ही लाख लक्षात ठेवावी. गरम पाणी किंवा धग लागली, तर ती मऊ होते आणि पान चेपते. दागिना मोडीत घालताना लाखेचे वजन वजा होणार, हेही गृहीत धरावे. नवा दागिना घेताना पावतीवर सोन्याचे निव्वळ वजन वेगळे लिहून घ्यावे. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क असलेल्या दागिन्यावर सहा अंकाक्षरी ‘एचयूआयडी’ क्रमांक असणे बंधनकारक झाले आहे. तो पाहून घ्यावा.

तमाशापटांनी नऊवारी, ठुशी आणि नथ यांचे चित्र महाराष्ट्रभर नेले. कोल्हापूरच्या चित्रनगरीची परंपरा त्यामागे उभी होती. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) मधील जयश्री गडकर यांची छबी अनेकांच्या डोळ्यांपुढे असेल. पुढच्या काळात हे काम मालिकांनी केले. २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘होणार सून मी ह्या घरची’ या मालिकेतील नायिकेच्या मंगळसूत्राची घडण बाजारात नायिकेच्या नावानेच मागितली जाऊ लागली होती.

बुगडी आणि नथ घालण्याची हौस करताना दोन गोष्टी पाहाव्यात. बुगडी कानाच्या वरच्या कुर्चेत असते. कुर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसल्याने तेथील जखम सावकाश भरते आणि चिघळली, तर कानाचा आकार बिघडू शकतो. एखाद्या समारंभापुरती हौस असेल, तर दाबाची बुगडी पुरेशी आहे. झुबे जड असतील, तर जोडीला वेल घालावेत. वेल हा नुसता नखरा नाही. त्याचे टोक केसांत अडकवले, की दागिन्याचा भार कानाच्या पाळीवरून केसांवर जातो आणि पाळी फाटत नाही. खोट्या दागिन्यांत बहुधा निकेल असते. मान किंवा कान लाल होऊन खाजू लागले, तर ते त्याचेच लक्षण समजावे.

खणाचा परकर आणि कोल्हापुरी पायताण

परकर-पोलक्याचा खण येतो तो प्रामुख्याने बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्डहून. पूर्वी चोळीपुरता कमी पन्ह्याचा विणला जाणारा हा खण आता साडी, कुर्ता आणि पिशव्यांच्याही रूपात मिळतो. यंत्रमागावर विणलेला, नुसता नक्षी छापलेला आणि हातमागाचा, असे सगळेच प्रकार ‘खण’ या एकाच नावाने विकले जातात. छापील नक्षी उलट्या बाजूने फिकी दिसते किंवा दिसतच नाही. विणलेली नक्षी दोन्ही बाजूंनी जाणवते. मुलीसाठी शिवताना आतून सुती अस्तर आणि पुढच्या दोन-तीन वर्षांसाठी परकराला दुमड ठेवण्याची जुन्या शिंप्यांची पद्धत आजही उपयोगाची आहे.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचा त्यात समावेश आहे. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले कातडे आणि कातड्याच्याच वादीची शिलाई, ही तिची खूण. जून २०२५ मध्ये इटलीच्या ‘प्राडा’ या कंपनीने मिलान येथील प्रदर्शनात हुबेहूब तशीच चप्पल कोल्हापूरचे नावही न घेता सादर केली आणि येथील कारागिरांत संतापाची लाट उसळली. त्यानंतर कंपनीने प्रेरणेचे मूळ भारतीय असल्याचे मान्य केले आणि तिच्या प्रतिनिधींनी कोल्हापूरला येऊन कारागिरांची भेटही घेतली. या वादातून एक गोष्ट ठळक झाली. रूप उचलणे सोपे असते. ते ज्या हातांतून उतरते, त्या हातांना श्रेय आणि दाम मिळवून देणे अवघड असते.

ग्राहकालाही हेच लागू आहे. चप्पल लाईनमध्ये ठेवलेली प्रत्येक चप्पल हाताने शिवलेली नसते. रेक्झिनच्या तळाची स्वस्त जोडी घेतली, तर लहानपण आठवेल खरे, पण त्यातला वाटा कारागिराला मिळणार नाही. खऱ्या कोल्हापुरीने पहिले काही दिवस पाय लागतात. अंगठ्याला आणि पट्ट्याला तेलाचे बोट लावून रोज थोडा वेळच घातली, तर ती पायाचा आकार घेते. पावसाळ्यात मात्र ती फळीवरच ठेवावी. भिजलीच, तर उन्हात न टाकता सावलीत वाळवावी.

करून पाहताना

- उटणे, हळद, मेंदी किंवा कोणतेही नवे प्रसाधन आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहावी.
- तान्ह्या बाळाला काजळ, सुरमा, टाल्कम पावडर आणि मेंदी यांपैकी काहीही लावू नये.
- भांगासाठी शेंदूर वापरू नये. कुंकू सुटे न घेता उत्पादकाचे नाव-पत्ता असलेलेच घ्यावे.
- रंग उजळवणारी बिननावाची क्रीम वापरू नये. वापरात असेल, तर थांबवून डॉक्टरांना सांगावे.
- जुना दागिना वापरण्याआधी सोनाराकडून फासे, तार आणि लाख तपासून घ्यावी.
- खण, चप्पल किंवा साज घेताना तो कोठे आणि कसा तयार झाला, हे दुकानदाराला आवर्जून विचारावे.

शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण तो विचारणाऱ्यांची संख्या वाढली, तर दुकानदाराला उत्तर ठेवावे लागते आणि ते उत्तर कारागिराच्या दारापर्यंत जाते. आजीच्या पेटीतील वस्तू तिला माहीत असलेल्या माणसांच्या हातच्या होत्या. सोनार गल्लीतला, चांभार पेठेतला, मेंदी कुंपणाची आणि कुंकू वारीहून आणलेले. वस्तू कोठून आली, हे तिला ठाऊक असे. लहानपणीच्या शृंगारातील हे ज्ञान परत आणणे वेणी-गजऱ्यापेक्षा अवघड आहे. परंतु आरोग्य सांभाळायचे आणि येथील कसबही जपायचे, तर सुरुवात तेथूनच करावी लागेल.